लायटरचं भोक

आमच्या भागात वीज कधी आली, असं कुणी विचारलं तर आधी सांगणाऱ्याचं वय बघावं लागतं आणि मग त्याचा पाडा. डहाणू स्टेशनच्या आजूबाजूला, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांतून वीज पुष्कळ आधी आली. तलासरीत महामार्गाच्या कडेने आली. पण आत, सायवनच्या पलीकडे, मोडगावच्या, उधव्याच्या, झरीच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर ती हप्त्याहप्त्याने आली. आधी खांब आले. खांब आले तरी तारा नव्हत्या. तारा आल्या तर मीटर नव्हते. मीटर लागले, तेव्हा भारनियमन सुरू झालं होतं. त्यामुळे अमुक वर्षी गाव उजळलं असं कागदावर दिसतं, तेव्हा पाड्यावरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसतात.

मला विचाराल तर आमच्याकडे पहिली वीज आली ती जीपच्या बॅटरीतून. ती कुणी मंजूर केली नव्हती, तिला मीटर नव्हता, बिल नव्हतं. पाड्यावर एक जीप असायची, जीपला बॅटरी असायची, आणि त्या बॅटरीतून काय काय चालवता येईल हे माणसं आपल्या अकलेने शोधत गेली. डॅशबोर्डावर जे एक गोल सॉकेट नंतर बसवलं गेलं, त्याला आमच्याकडे कुणी सॉकेट म्हणत नाही. लायटरचं भोक म्हणतात. या भोकाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो लिहायला हवा, कारण आमच्या दोन तालुक्यांची चाळीसेक वर्षं त्यातून गेली आहेत.

महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली ती १९४७च्या सुमारास. लढाईसाठी बनवलेली ती गाडी. रस्ता नसेल तिथे चालायची, म्हणून जंगलखात्याला, ठेकेदारांना, वाडीवाल्यांना ती सोयीची पडली. आणि त्यांच्याकडून जुनी झाली की आमच्याकडे यायची. माझ्या काकांची जीप अशीच तिसऱ्या की चौथ्या हातातली. पुढे पत्र्याची सपाट पाटी, तिच्यावर स्पीडचा काटा, तेलाचा काटा, आणि एक अँपियर मीटर. हे अँपियर मीटर आजच्या गाड्यांत दिसत नाही. काटा मधोमध उभा असायचा. बॅटरीत वीज चालली असेल तर उजवीकडे, बॅटरीतून वीज निघत असेल तर डावीकडे. काका त्याला गाडीची नाडी म्हणायचे. रात्री हेडलाईट लावून गाडी जागेवर उभी राहिली की काटा डावीकडे जायचा, कारण त्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटर नव्हता, डायनॅमो होता. डायनॅमोचं असं की इंजिन जोरात फिरलं तरच तो वीज देतो. गाडी नुसती गुरगुरत उभी असेल तर तो जवळजवळ झोपलेला असतो.

त्या पाटीवर लायटर नव्हता. लायटर ही चैनीची वस्तू, ती मुंबईच्या फियाटीत आणि बड्या लोकांच्या अँबॅसेडरमध्ये. मोटारीत सिगारेट पेटवायला विजेचा लायटर बसवायची कल्पना अमेरिकेतली, १९२०च्या आसपासची. बटण आत दाबायचं, आतली तारेची गुंडाळी लाल होते, मग बाहेर काढून सिगारेटला लावायची. तापल्यावर आपोआप बाहेर उडणारा लायटर नंतर आला. सिगारेटसाठी केलेल्या त्या गोल खोबणीत, जेमतेम २१ मिलिमीटरच्या, पुढे सगळ्या जगाने आपापली यंत्रं खुपसली. खोबण आधी झाली, काम नंतर ठरलं. आमच्याकडे तर लायटर कुठल्या तरी पॅसेंजरने विडी पेटवायला काढून घ्यायचा आणि तो परत जागेवर यायचा नाही. राहायचं ते भोक. नाव पडलं ते तिथूनच.

पण भोकाच्या आधी चिमटे होते. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं, रविवारी सकाळी. ज्या पाड्यावर वीज नव्हती तिथेसुद्धा टीव्ही पोचला होता. त्या वेळच्या छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला मागे १२ व्होल्टची सोय असायची. तिथून लाल आणि काळी अशा दोन वायरी निघायच्या, टोकाला दातेरी चिमटे. जीप अंगणात आडवी लावायची, बॉनेट उघडायचं, लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला. बांबूवर अँटेना, एक पोरगा ती फिरवायला. “आला का?” “नाय आला!” “आता?” “मुंग्या आल्या!” असं करता करता चित्र यायचं. पुढे अंगणात शंभर माणसं, मागे जीपचं उघडं तोंड. आमच्याकडे वारली, कोकणा, धोडी, मांगेला, वाडवळ, सगळ्या घरचे लोक त्या एका बॅटरीवर बसलेले असायचे.

असा टीव्ही दीडेक अँपियर खातो. तासाभरात बॅटरीचं फार काही बिघडत नाही. पण सकाळचा कार्यक्रम झाला की कुणीतरी म्हणायचं, दुपारचा पिक्चर बघू. मग संध्याकाळचा. सोमवारी पहाटे काका सेल्फ मारायचे तर नुसतं ‘टक’. त्यावर उपाय होता. ज्यांनी टीव्ही बघितला त्यांनीच धक्का मारायचा. सगळा पाडा जीप ढकलत उतारापर्यंत न्यायचा. डिझेल गाडी एकदा धरली की धरली.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण पहाटे चारला कुणी बाळंतीण अडली असेल तर मग हसू येत नाही. पाड्यावरची एकुलती एक जीप म्हणजे पाड्याची रुग्णवाहिका. कासा किंवा डहाणूचं सरकारी रुग्णालय गाठायचं ते तिच्यातूनच. म्हणून आमच्याकडे लवकरच एक अलिखित कायदा झाला: बॅटरीतून काहीही चालवा, पण सेल्फ मारण्याइतकी वीज तिच्यात राहिलीच पाहिजे. सॉकेटला वेगळा स्विच हवा की नको, तो चावीतून द्यावा की सरळ बॅटरीवरून, या सगळ्या वादांच्या मुळाशी हा एकच कायदा आहे.

मोबाईल आला तो आमच्यासाठी बराच उशिरा. ३१ जुलै १९९५ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा आमच्या पाड्यावर साधा फोनही नव्हता. त्याच सुमारास डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. त्याची चिमणी आम्हाला लांबून दिसायची. तिथली वीज मात्र मुंबईच्या उपनगरांना जायची. मोठ्या तारा आमच्या डोक्यावरून जायच्या आणि आम्ही खाली कंदिलाची काच राखेने पुसायचो. हे तक्रार म्हणून नाही लिहीत. असं होतं, एवढंच.

२००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि स्वस्त फोन निघाले. आमच्याकडे फोन खरा शिरला तो त्यानंतर. पाड्यावरची तरणी मुलं वापी, उंबरगावच्या कारखान्यांत जात. पुष्कळजण सात-आठ महिने गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जात. पूर्वी माणूस गेला की होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परत दिसायचा, मधे काही कळायचं नाही. आता फोनवर कळू लागलं. पण फोनला चार्जिंग लागतं. घरात वीज नाही, असली तर संध्याकाळी जाते. तलासरी नाक्यावर, चारोटीला दुकानदार पाच रुपये घेऊन फोन चार्ज करून द्यायचे. फळीवर वीस-तीस फोन ओळीने, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. फोन तिथे ठेवून यायचं, दुसऱ्या दिवशी घ्यायचा. म्हणजे अख्खी एक रात्र फोनशिवाय. ज्याचा पोरगा समुद्रावर आहे त्या आईला ही रात्र फार मोठी असते.

तेव्हा काळी-पिवळी जीप कामाला आली. तलासरी-उधवा, कासा-सायवन, डहाणू-धुंदलवाडी अशा फेऱ्या त्या मारायच्या. ड्रायव्हरच्या शेजारी बसणारा म्हणायचा, “भाऊ, जरा लाव ना, एक कांडी तरी येऊ दे.” कांडी म्हणजे स्क्रीनवरची चार्जिंगची एक रेघ. आणि ज्या जीपला भोक नव्हतं त्या जीपला भोक पाडायची पाळी आली.

हे काम कसं करतात ते नीट सांगतो, कारण वाकडं केलं तर गाडी जळते.

पत्र्याच्या पाटीवर जागा बघायची. गिअरचा दांडा लागणार नाही, पावसाचं पाणी ठिबकणार नाही, अशी. इंचाहून थोडं मोठं गोल भोक लागतं. मोठी ड्रिल नसेल तर वर्तुळावर बारीक भोकं पाडत जायची, छिन्नीने मधला तुकडा उडवायचा आणि गोल कानशीने कड घासायची. मग सॉकेट. त्याच्या तळाला मधोमध जी पितळी टिकली असते ती प्लस, आणि बाजूचं नळकांडं मायनस. मायनस गाडीच्या पत्र्याला जोडला की झालं, कारण गाडीचं सगळं अंगच मायनस असतं. बॅटरीची एक केबल थेट चॅसीला बांधलेली असते, त्यामुळे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर लागत नाही. पण पत्रा रंगवलेला असतो, गंजलेला असतो. रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं नाही तर चार्जर लागतो, सुटतो, लागतो, सुटतो.

एक अपवाद सांगायला हवा. आमच्याकडच्या एका चिकूवाडीत जुनी मॉरिस होती. त्या विलायती घराण्यातल्या जुन्या गाड्यांत पत्रा मायनस नसून प्लस असायचा. तिथे नेहमीसारखं सॉकेट पत्र्यात बसवलं तर चार्जरला उलटी वीज मिळते. त्या गाडीला भोक पाडणाऱ्या मिस्त्रीने लाकडी फळी वापरली. फळीत सॉकेट बसवलं, पत्र्याला लागू दिलं नाही, आणि दोन्ही वायरी वेगळ्या नेल्या. चौथीपर्यंत शिकलेला माणूस होता तो. टेस्टरचा दिवा लावून त्याने दोन मिनिटांत ओळखलं की गाडी उलटी आहे.

आता प्लसची वायर. इथेच सगळी चलाखी आणि सगळा धोका. घाईत असलेला मिस्त्री हॉर्नच्या नाहीतर हेडलाईटच्या वायरीला मधेच सोलून जोड मारतो, वर काळी पट्टी गुंडाळतो, आणि पन्नास रुपये घेतो. फोनपुरतं ते चालतं. छोटा फोन बॅटरीतून अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. पण भोक एकदा झालं की त्यात फोनच लागेल असं नाही. कुणी हवा भरायचा पंप लावतो, तो आठ-दहा अँपियर खेचतो. कुणी इन्व्हर्टर लावून लग्नातला माईक चालवतो. बारीक वायरीतून एवढी वीज गेली की वायर तापते, तिचं कातडं वितळतं, ती पत्र्याला टेकते, आणि मग बॅटरीतली सगळी ताकद त्या एका जागी धावते.

काकांच्या जीपला हेच झालं. नाक्यावरच्या एका मिस्त्रीने फ्यूज न टाकता वायर ओढली होती. गंजाडच्या पुढे चढावर डॅशबोर्डाखालून धूर निघाला. आत अकरा माणसं आणि मागे दोन कोंबड्या होत्या. काकांनी गाडी थांबवली, सगळ्यांना उतरवलं आणि पान्याची वाट न बघता बॅटरीची केबल हाताने हिसकून काढली. हाताला पोळलं, पण गाडी वाचली. त्यानंतर त्यांनी जे शिकून घेतलं तेच पुढे आमच्या भागातल्या निम्म्या जीपांत झालं असं मला वाटतं, कारण एक ड्रायव्हर शिकला की दहा शिकतात.

ते असं. वायर सरळ बॅटरीच्या प्लसवरून घ्यायची आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज टाकायचा. फ्यूज वायरीच्या दुसऱ्या टोकाला, सॉकेटजवळ टाकून उपयोग नाही. वायर मधेच घासली तर त्याला काय कळणार? सॉकेट दहा अँपियरचं असेल तर फ्यूजही दहाचाच. फ्यूज उडतो म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळायची नाही, हे तर ड्रायव्हर लोक देवाची शपथ घातल्यासारखं सांगायचे. १२ व्होल्टला दहा अँपियर म्हणजे १२० वॅट, एवढीच त्या भोकाची ऐपत. आणि काही ट्रकांत १२ नाही, २४ व्होल्ट असतात. अच्छाडच्या नाक्यावर थांबलेल्या ट्रकात आपला जीपचा चार्जर खुपसला आणि त्याचा धूर झाला, असे किस्से आमच्याकडे पुष्कळ.

मग स्विच. चावी फिरवल्यावरच सॉकेटला वीज मिळावी, म्हणजे गाडी बंद तर चार्जर बंद, बॅटरी सुरक्षित. पण जुन्या जीपचा चावीचा स्विच आधीच थकलेला असतो, त्याच्यातून दहा अँपियर नेले तर तो जळतो. त्यावर उपाय रिलेचा. रिले म्हणजे छोटा चौकोनी डबा, चार पायांचा. चावीकडून त्याला इवलीशी वीज मिळते, ८५ आणि ८६ नंबरच्या पायांना. त्या विजेने आतलं लोहचुंबक ओढलं जातं आणि ३० नंबरचा पाय ८७ला जोडला जातो. मोठी वीज त्या वाटेने जाते. चावीने फक्त हुकूम द्यायचा, ओझं रिलेने वाहायचं. हे समजल्यावर काका म्हणाले होते, “म्हणजे पाटलासारखं. पाटील नुसतं सांगतो.”

हा नियम छान चालला, २०१८पर्यंत.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू आणि तलासरीत जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास जास्त. आधी स्फोटासारखा आवाज यायचा, मग हादरा. एका दिवसात कितीदा तरी. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१चा धक्का बसला. त्या दिवशी बाहेर पळताना एक लहानगी मुलगी दगावली. लोक घरात झोपेनासे झाले. थंडीचे दिवस, कुडाच्या घरापेक्षा विटांच्या घराची भीती जास्त, ज्यांनी योजनेतून पक्कं घर बांधलं ते सगळ्यात घाबरलेले. अंगणात, शेतात, एनडीआरएफच्या तंबूंत रात्री काढल्या. शाळा काही दिवस उघड्यावर भरल्या. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेच्या लोकांनी येऊन यंत्रं बसवली.

त्या रात्रींत फोन म्हणजे टॉर्च, फोन म्हणजे आश्रमशाळेतल्या पोरांची खुशाली, फोन म्हणजे २०१४पासून सुरू झालेली १०८ची रुग्णवाहिका. पण चार्ज करायला घरात जाऊन भिंतीजवळ कोण उभं राहणार? आणि जीप अंगणात उभी, चावी बंद, म्हणून भोकही बंद. इंजिन रात्रभर चालू ठेवायला डिझेल कुठून आणणार?

तेव्हा जीपांना दुसरं भोक पडलं. पहिलं चावीवरचं, फेरीसाठी. दुसरं थेट बॅटरीवरचं, फ्यूज टाकून, मधे खटक्याचा स्विच आणि त्याच्यावर लाल दिवा. गाडी बंद असतानाही ते चालायचं, पण खटका खाली केला तरच. लाल दिवा पेटलेला दिसला की कुणीही विचारायचं, कोणाचा लागलाय, किती वेळ झाला. हिशेब ठरलेला होता. हातात आता मोठ्या स्क्रीनचे फोन होते. असा एक फोन पूर्ण भरायला बॅटरीतून साधारण सव्वा अँपियर-तास जातात. साठची बॅटरी, तीही जुनी, म्हणजे प्रत्यक्षात चाळीस धरा. दहा फोन भरले तर बारा गेले. त्याच्यापुढे सकाळी सेल्फला ताकद उरेल की नाही याची खात्री नाही. म्हणून रात्री सहा-सातच फोन, आणि तेही निम्मे निम्मे. आधी ज्यांच्या घरात आजारी माणूस, गरोदर बाई. मग बाकीचे. तुलना म्हणून सांगतो, दोन हेडलाईट तासभर विसरून चालू राहिले तर जवळजवळ सात फोनांची वीज वाया जाते. हे गणित चौथी-पाचवीतल्या पोरांना पाठ झालं होतं. वर्गात भागाकार चुकणारी पोरं अँपियर-तासाचा भागाकार बरोबर करायची, हे मी शिक्षक म्हणून स्वतः बघितलं आहे.

इथे एक गोष्ट लिहिणं भाग आहे, नाहीतर हा इतिहास खोटा होईल. फोन चार्ज होता म्हणजे सगळं भलं झालं असं नाही. १९४५च्या मे महिन्यात झरीला वारल्यांची मोठी सभा झाली, गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने, आणि वेठबिगारीविरुद्ध उठाव सुरू झाला. तेव्हा निरोप पायाने जायचा, पाड्यावरून पाड्यावर. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला कुणीतरी खोटा निरोप पसरवला की गोदूताई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे. हजारो माणसं रात्रीतून जमली. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पाच वारली मारले गेले. निरोप खरा की खोटा, हे विचारायला त्यांच्याकडे काही साधन नव्हतं. लहानपणी ही गोष्ट ऐकली की मला वाटायचं, तेव्हा एक फोन असता तर.

१६ एप्रिल २०२०च्या रात्री फोन होते. टाळेबंदीचे दिवस. मुलं पळवणारे, चोर फिरतायत अशा अफवा कितीतरी दिवस फोनवरून फिरत होत्या. डहाणू तालुक्यातल्याच गडचिंचल्याला जमावाने तीन माणसांना मारून टाकलं. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. सगळ्या देशाने आमच्या तालुक्याचं नाव ऐकलं ते असं. त्या अफवा ज्या फोनांवरून फिरल्या, त्यातले काही आमच्यासारख्याच जीपांच्या भोकातून चार्ज झाले असतील. वीज खरं-खोटं बघत नाही. विचारून घेण्याची सवय माणसाने स्वतः लावायची असते, ती बॅटरीतून येत नाही. त्यानंतर पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी एक पद्धत पाडली. काही निरोप आला की आधी त्या गावच्या माणसाला फोन लावायचा, आवाज ऐकायचा, मग बोलायचं. फार मोठी पद्धत नाही. पण धरून ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी शाळा फोनवर आली. ज्याच्या घरी फोन नाही तो गेला, ज्याचा फोन आहे पण चार्ज नाही तोही गेला. रेंजसाठी मुलं टेकडीवर बसायची. काकांची जीप टेकडीच्या पायथ्याशी उभी राहायची, एका भोकाला तीन तोंडांचा प्लग, तीन यूएसबी वायरी. पॅसेंजर बंद होते, फेऱ्या बंद होत्या, म्हणून गाडीला काम नव्हतं. दिवसाआड अर्धा तास इंजिन चालवून बॅटरी भरून घ्यायची. डिझेलचे पैसे पालकांनी वर्गणी काढून दिले, ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी लाकूड दिलं, नाहीतर ताडी. काकूंचं म्हणणं होतं की गाडीने आयुष्यात पहिल्यांदा शाळा केली.

मग मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आलं. चिकूची झाडं मुळापासून पडली, खांब वाकले, बऱ्याच गावांना कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा वाडीवाल्यांच्या नव्या कोऱ्या गाड्यांनाही पाड्यावरच्या लोकांसारखंच वागावं लागलं. अंगणात गाडी, गाडीभोवती शेजारी, आणि आत वायरींचं जाळं.

आता बहुतेक पाड्यांवर मीटर आहेत. २०१७नंतरच्या योजनेत पुष्कळ घरांना जोडण्या मिळाल्या. पॉवर बँक स्वस्तात मिळते. नव्या गाड्यांत भोक कारखान्यातूनच येतं. जुन्या जीपा भंगारात चालल्या आहेत, कारण पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा पासिंग करणं परवडत नाही. काकांची जीपही विकली. भंगारवाल्याने वजनावर घेतली. काकांनी त्याच्याकडून डॅशबोर्डाची पत्र्याची पाटी मागून घेतली नाही की काही नाही. त्यांनी फक्त रिले आणि फ्यूजचा होल्डर काढून घेतला. चांगल्या स्थितीत होता, दुसऱ्याच्या गाडीला लागेल म्हणून.

तो लागलाही. शेजारच्या पाड्यावर एकाने जुनी कमांडर घेतली आहे, आजारी माणसं न्यायला आणि बाजाराला. मागच्या पावसाळ्याआधी काकांनी स्वतः उभं राहून तिची वायरिंग करून घेतली: बॅटरीपाशी फ्यूज, मधे रिले, एक भोक चावीवर, एक खटक्यावर, वर लाल दिवा. मिस्त्री तरणा होता. तो म्हणाला, “काका, दोन कशाला? आता घरोघर लाईट आहे.” काकांनी त्याला उत्तर दिलं नाही. नुसतं पश्चिमेकडे बघितलं. ढग भरून आले होते, आणि नाक्यावरची वीज तेवढ्यात गेली होती.